दोन्ही हातांत ताणा होता

मी, पंकजाक्षन, वडिलांचे नाव कोच्चुरामन, वय सत्तरीच्या पुढे, धंदा हातमागावर मुंडू (कमरेला गुंडाळून नेसायचे पांढरे वस्त्र) विणणे, राहणार विणकर आळी, पेरियार नदीकाठ, चेंदमंगलमजवळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो ऐसाजे :

माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी विहिरीवर आंघोळ केली, तांदळाची कंजी आणि उकडलेले मूग खाल्ले, मागावर चार बोटं कापड विणलं आणि मगच दस्तलेखक शिवराम मेनन यांना निरोप धाडला. ते माझ्या ओसरीवर बसून लिहीत आहेत आणि मी सांगतो आहे. हे लिहून ठेवण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. दडपण आणायला घरात कोणी असावं लागतं.

मेनन सार म्हणाले, हे शेवटचं वाक्य कागदात शोभत नाही. मी विचारलं, खोटं आहे का? म्हणाले, खोटं नाही. मग लिहा, म्हटलं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केलं असल्यास ते रद्द समजावं. केलेलंच नाही ते रद्द कसं होतं हे मेनन सारांना ठाऊक. त्यांच्या धंद्यात मी बोलत नाही, त्यांनी माझ्या धंद्यात बोलू नये.

कलम १. माझी माणसं.

माझी पत्नी कार्त्यायनी वारली आहे. मूलबाळ नाही. माझे सख्खे थोरले बंधू पुरुषोत्तमन, ज्यांना मी चेट्टन म्हणतो, म्हणजे म्हणत असे, हे आळीच्या पलीकडे बरोबर समोरच्या घरात राहतात. त्यांची पत्नी, म्हणजे माझी चेट्टत्ती, गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांची मुलगी वत्सला लग्न न करता त्यांच्यापाशी राहिली आहे. रक्ताची म्हणावीत अशी एवढीच माणसं.

आमची आळी सुताचा ताणा पसरला तर बाजूनं एक गाय जाईल इतपत रुंद आहे. एवढ्या अंतरावरून चेट्टन आणि मी तीसेक वर्षं एकमेकांकडे बघत आलो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते गाईला सांगतात.

हे मेनन सारांना खरं वाटेना, म्हणून दाखला देतो. गेल्या वर्षी मला खोकला धरला होता. पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं, "काय गं अम्मिणी, खोकून खोकून अख्खी आळी हलवायची हौस असते काही जणांना. सुंठ-मिऱ्याची कॉफी करून प्यायला हात कुणी बांधलेत का?" अम्मिणी म्हणजे त्यांची गाय. मी माझ्या अंगणातल्या फणसाला सांगितलं, "घरातली सुंठ संपली आहे." दुपारी पाण्याला गेलो तर विहिरीच्या कठड्यावर सुंठेची पुडी होती. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

कलम २. घर आणि माग.

माझ्या मालकीचं घर, त्याखालची जागा, अंगणातले नारळ, फणस, आणि पुढच्या खोलीतला खड्ड्याचा माग, त्याची फणी, धोटे, ताण्याचे धागे उचलायच्या वह्या, खळीचे कुंचे, हे सगळं मी माझी पुतणी वत्सला हिला देतो. तिनं घर विकलं तरी माझी हरकत नाही. माग मात्र विकू नये. घेणारा कोणी मिळायचाही नाही म्हणा, आता लोक गिरणीचं कापड घेतात आणि त्याला हातमागाचं म्हणतात.

धोट्यांमध्ये एक लहान, चिंचेच्या लाकडाचा आहे. तो मी तिच्यासाठीच करून घेतला होता, ती परकरात होती तेव्हा. वत्सला डावखुरी. तिच्या वडिलांनी तिचा हात सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी म्हणालो, "चेट्टा, राहू द्या. धोटा डावीकडून गेला काय नि उजवीकडून गेला काय, शेवटी परतच यायचाय." तेव्हा आम्ही बोलत होतो. ती माझ्यापाशी खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि डाव्या हातानं धोटा फेकायची, त्यामुळे तिच्या कापडाची डावी किनार नेहमी किंचित ओढलेली असते. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

कलम ३. विहीर.

आळीच्या टोकाची विहीर वडिलांची, दोघा भावांत सामाईक. माझा हिस्सा मी चेट्टनच्या नावे सोडतो. अट अशी की रहाटाला तेल घालू नये. तो कुरकुरतो त्यावरून पाणी कोण ओढतंय ते मला घरात बसून कळतं. चेट्टन ओढायचे तेव्हा दोन मोठे हिसके आणि मग दम खाणं. आता बरेच दिवस ते हिसके ऐकले नाहीत, वत्सलाच ओढते. तिचा आवाज सलग येतो.

कधी वत्सला आणि मी एकाच वेळी विहिरीवर असलो तर ती माझ्याकडे पाठ करून बोलते, म्हणजे आळीतून बघणाऱ्याला वाटावं की ती दोराशी बोलते आहे. धाकटा काका म्हणून मला ती कोच्चच्छा म्हणते.

"कोच्चच्छा, काल दुपारी तुमचा माग गप्प का होता?"

"धागा तुटला होता."

"धागा का पाठ?"

"तुला काय करायचंय? तुझ्या बापानं विचारलं का?"

"अच्छन कशाला विचारतील? ते म्हणाले, अम्मिणीला आज फार शांत शांत वाटतंय."

अट मागे घेतो. मी गेल्यावर रहाटाला तेल घातलं तरी चालेल.

कलम ४. सुगुणन.

माझ्या पत्नीच्या भावाचा मुलगा सुगुणन एर्नाकुलमला कचेरीत आहे. आत्याच्या अंत्ययात्रेला तो पँट घालून आला आणि मला म्हणाला, "अम्मावा, बदलायला वेळच नाही मिळाला." आत्या मेलेली कळायला वेळ मिळाला, बस पकडायला वेळ मिळाला, वाटेत चहा प्यायला वेळ मिळाला असणार. तिच्या अंगावर कोडिवस्त्र घालायला वाकला तर पँट मांडीला आवळायला लागली, म्हणून अर्धाच वाकला आणि वस्त्र वरूनच टाकलं. कोडिवस्त्र म्हणजे गेलेल्या माणसावर घरच्या धाकट्यांनी घालायचं कोरं कापड. ते टाकत नाहीत. ते पायांकडून वर ओढून घालतात, झोपलेल्याला पांघरूण घालतात तसं.

तरीही तो तिचा भाचा आहे आणि तिचा त्याच्यावर जीव होता. त्याला मी माझ्या हातचा एक दुहेरी मुंडू, सोनेरी काठाचा, देतो. अट : तो पट्ट्याशिवाय नेसता आला पाहिजे. मुंडूवर कातडी पट्टा बांधणारा माणूस मला शिंकाळ्याला कुलूप लावणाऱ्यासारखा दिसतो. कमरेला वेढा द्यायचा, पोट किंचित आत घ्यायचं, खोचायचं, झालं. माझा मुंडू जन्मात एकदा सुटलेला नाही. न जमल्यास तो मुंडू खालच्या कलमातल्या अबूबक्करला जावा.

कलम ५. अबूबक्कर.

आळीच्या तोंडाशी चहाचं दुकान असलेला अबूबक्कर हा माझा मित्र. कार्त्यायनी गेल्यानंतर रोज सकाळी तो माझा चहा ओसरीवर आणून ठेवतो, आणि मी उठलेला नसलो तर दाराला लाथ मारतो. मी आहे की गेलो हे बघायला, असं तो तोंडावर सांगतो. माझ्या चौकटीच्या लुंग्या आणि अंग पुसायचे पंचे त्याला द्यावेत. तो त्याच्या लोकांप्रमाणे डावीकडे खोचतो, मी उजवीकडे. लहानपणी नदीत पोहून आल्यावर एकमेकांचा मुंडू चुकून नेसायचो, तर घरी गेल्या गेल्या दोघांच्या आया ओळखायच्या.

इथं मेनन सार थांबले. म्हणाले, "अबूबक्करला साक्षीदार म्हणून बोलावलंय ना? ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये. उद्या कोणी हरकत घेईल."

अबूबक्कर बसलाच होता. तो म्हणाला, "मग पंचे नकोत. सही करतो."

"लुंग्या?" मी विचारलं.

"तुझ्या लुंग्या घालून मी गिऱ्हाइकांसमोर उभा राहू? ए म्हाताऱ्या, त्या तू जिवंतपणीच फाडल्यास."

कलम पाच रद्द. लुंग्या कुणालाही देऊ नयेत, माग पुसायला घ्याव्यात. सुगुणनला मुंडू नेसता आला नाही तर तो वत्सलानं ठेवून घ्यावा.

कलम ६. भांडण.

मेनन सार म्हणतात भांडणाला कलम नसतं. पण पुढच्या कलमांत मी जे मागणार आहे ते या भांडणावाचून कुणाला समजणार नाही, म्हणून लिहावं.

आमच्याकडे चालताना, काम करताना, मुंडू वर दुमडून गुडघ्याच्या वर खोचतात. वडीलधारं माणूस समोर आलं की तो सोडायचा, घोट्यापर्यंत खाली पडू द्यायचा. हे कुणी शिकवत नाही. हात आपोआप जातो. बैलाच्या मागे धावणारासुद्धा रस्त्यात मास्तर दिसले की धावता धावता मुंडू सोडतो, आणि पडतो.

ओणमच्या आधीचे दिवस होते. दोन्ही घरांचं ओणमचं सूत एकत्र ताणलं होतं, अर्धं चेट्टनचं, अर्धं माझं. ताणा आळीभर पसरला होता, त्याला तांदळाची खळ लावून झाली होती आणि शेजारचे लोक कुंचा फिरवत होते. उन्हं चढायच्या आत ते आवरायचं असतं, नाहीतर खळ कडक होते आणि धागे एकमेकांना चिकटतात. त्यात माझ्या बाजूची खुंटी उपटली. मी टोकाची काठी दोन्ही हातांनी धरली, टाचा जमिनीत रोवल्या आणि मागे रेललो. मुंडू मांडीपर्यंत वर खोचलेला होता, कारण खळीचं काम होतं.

चेट्टन त्या सकाळी धक्क्यावर गेले होते. वत्सलाला बघायला मुलाचे वडील आणि मामा होडीनं यायचे होते. ते दुपारी येणार होते. भरती लवकर आली आणि पाहुणेही लवकर आले. चेट्टन त्यांना घेऊन आळीत शिरले आणि समोर मी.

चेट्टन थांबले. पाहुणे थांबले. कुंचेवाल्यांनी मान वर केली. त्यांनी आपापले मुंडू एका हातानं सोडले, कुंचा दुसऱ्या हातात होता. माझे दोन्ही हात ताण्याला होते.

चेट्टन हळू आवाजात म्हणाले, "पंकजा. मुंडू."

मी म्हणालो, "चेट्टा. ताणा."

एवढंच झालं. मुलाचे मामा माझ्या गुडघ्यांकडे बघत उभे राहिले आणि मग सगळे ताण्याखालून वाकून पलीकडे गेले. चेट्टत्तीनं केळ्याची भजी तळली होती ती त्यांनी खाल्ली, चहा घेतला, मुलगी पाहिली. वत्सलानं डाव्या हातानं पेला पुढे केला असं नंतर कुणीसं म्हणालं, पण निरोप आला त्यात डाव्या हाताचं काही नव्हतं. निरोप असा होता की ज्या घरात धाकटा भाऊ थोरल्यासमोर मुंडू सोडत नाही, त्या घरच्या मुलीकडून आम्ही काय रीत धरावी.

त्या संध्याकाळी चेट्टन ओसरीवर आले. मी माझ्या ओसरीवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाची गाय दुसरी होती, या अम्मिणीची आजी. तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "सांग त्याला. माझ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही म्हणावं." त्या दिवसापासून आमच्या घराण्यात गाय निरोप्याचं काम करते.

माझी चूक नव्हती. हे मी तेव्हा म्हणालो, आज म्हणतो, आणि कागदावर सही करून म्हणतो. ताणा सोडला असता तर तो गोळा होऊन मातीत पडला असता आणि दोन्ही घरांचं ओणमचं सूत गेलं असतं. चेट्टन स्वतः विणकर. ताणा सुटला तर काय होतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. आणि तरी त्यांनी माझे हात पाहिले नाहीत, गुडघे पाहिले. परक्यानं पाहिले असते तर मला काही वाटलं नसतं. हे मला लागलं, आणि अजून लागतं.

कार्त्यायनी म्हणायची, "पाहुणे गेल्यावर तुमचे हात मोकळेच होते की. जाऊन त्यांच्यासमोर मुंडू सोडून क्षणभर उभं राहायचं. तुमचं काय झिजलं असतं?" मी म्हणायचो, मान मागितला तेव्हा देता आला नाही, मागाहून दिला तर ती खुशामत होते. ती म्हणायची, "दोघं एकाच सुताचे." आणि चुलीकडे वळायची.

ती गेली तेव्हा वत्सला आली. वडिलांची परवानगी न मागता आली आणि तिनं कोडिवस्त्र घातलं, नीट, पायांकडून वर. चेट्टन आले नाहीत. पण आम्ही कार्त्यायनीला उचलून अंगणाच्या दक्षिणेकडे नेलं तेव्हा मी समोर पाहिलं. ते आपल्या फाटकात उभे होते. त्यांचा मुंडू घोट्यापर्यंत सोडलेला होता. धूर विरेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि मग आत गेले.

कलम ७. पेटी.

माझ्या खाटेखाली फणसाच्या लाकडाची पेटी आहे. तिला कुलूप नाही. तिच्यात कोरे मुंडू आहेत, एकही वापरलेला नाही.

ओणमला घरातल्या थोरल्यानं धाकट्यांना नवं वस्त्र द्यायचं असतं. थोरल्यानं ते हातात ठेवायचं, धाकट्यानं दोन्ही हातांनी घ्यायचं. त्या भांडणानंतरच्या पहिल्या ओणमला मला वाटलं, यंदा काही येणार नाही. सकाळी दार उघडलं तर ओसरीवर केळीच्या पानावर घडी केलेला मुंडू. पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी. कधी पाऊल वाजलं नाही.

मला वाटायचं चेट्टत्ती ठेवत असेल, नवऱ्याच्या चोरून. पण मी घडी उघडून काठ पाहिला. विणकर आपल्या भावाचा हात ओळखतो. चेट्टनची फणीची ठोक जड, प्रत्येक धाग्यावर दोनदा, आणि काठ इतका सरळ की माझ्या वडिलांनाही तसा जमला नव्हता. ते कापड त्यांनी स्वतः विणलेलं होतं. रात्रंदिवस गिऱ्हाइकांचं काम असताना त्यांनी ते आपल्या मागावर लावलं होतं.

मी ते नेसलो नाही. हातात दिलेलं नव्हतं, म्हणून. जमिनीवर ठेवलेलं ओणमचं वस्त्र उचलून नेसायचं म्हणजे मी कोण? मी ते पेटीत ठेवत गेलो. आणि कार्त्यायनी गेल्यापासून ओणमच्या दिवशी जुनाच मुंडू नेसून, केळीच्या पानावर एकट्याचा भात वाढून घ्यायचो. पलीकडून पपडम तळल्याचा वास यायचा. त्यांच्याकडे दोन पानं, माझ्याकडे एक. सण असेपर्यंत माणसाला एकटेपण झाकता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. बाकीचे दिवस माग असतो.

काही वर्षांपूर्वी घडी उघडली आणि माझा हात थांबला. ठोक हलकी होती. डावी किनार किंचित ओढलेली. चेट्टनची नजर गेली असं आळीत बोललं जात होतं, त्या दिवशी मला ते खरं वाटलं. तेव्हापासूनचे सगळे मुंडू वत्सलाच्या हातचे आहेत. बापाला दिसेनासं झालं तर ती स्वतः विणून आणून ठेवते. ज्या मुलीचं लग्न माझ्या गुडघ्यांपायी मोडलं, ती. तिनं मला हे सांगितलं नाही आणि मीही तिला ओळख दाखवली नाही. विहिरीवर आम्ही माग गप्प का होता यावर बोललो.

या पेटीची वाटणी अशी :

वत्सलाच्या हातचे मुंडू तिनं परत न्यावेत आणि तिला वाटेल त्यांना स्वतःच्या हातानं द्यावेत. जमिनीवर ठेवू नयेत.

चेट्टनच्या हातचे मुंडू चेट्टनना द्यावेत आणि त्यांनी ते नेसावेत. पडून राहिलेलं कापड घडीवरून जातं, हे त्यांना सांगायला नको. त्यांच्या अंगावरचा मुंडू हल्ली विरलेला दिसतो. मला इथून दिसतं, माझी नजर अजून चांगली आहे.

त्यांतला एक मात्र देऊ नये. तो मी बाजूला, वरच्या पंच्यात गुंडाळून ठेवला आहे. नजर पुरती जाण्यापूर्वी त्यांनी विणलेला हा शेवटचा. काठ एका जागी वाकला आहे, बोटभर, आणि मग पुन्हा सरळ झाला आहे. नीट दिसत नसताना हातानं चाचपून त्यांनी तो सरळ केला असणार. तो माझ्यासाठी ठेवावा.

कलम ८. साक्षीदाराची गोष्ट.

दोन साक्षीदार लागतात. अबूबक्कर आहे. दुसरा कोण, असं मेनन सारांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की समोर विचारून पाहा. मेनन सार चष्मा पुसत आळी ओलांडून गेले. त्यांनी परत येऊन काय झालं ते सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती, आळी काही फार रुंद नाही.

मेनन म्हणाले होते, "पुरुषोत्तमन चेट्टा, धाकट्या भावाचं मृत्युपत्र आहे. नुसती सही हवी."

चेट्टन खाटेवरून उठले असावेत, काठी आपटल्याचा आवाज आला. "कुणाचं?"

"पंकजाक्षनचं."

"धाकट्याच्या मरणाच्या कागदावर थोरल्यानं सही करायची? मेनन, असा कागद व्हायचाच असेल तर तो आधी माझा होईल. नंबर माझा आहे. जा, नाही करणार."

मग ते गाईला म्हणाले, "घाई बघ, अम्मिणी. जेवायलासुद्धा लहानपणापासून हाच आधी बसायचा."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं. अबूबक्करनं माझ्याकडे न बघता चहाचे पेले गोळा केले. पत्र टाकायला आलेला पोस्टमन दामोदरन याला आम्ही साक्षीसाठी बसवून घेतलं आहे.

कलम ९. माझ्या देहाची व्यवस्था.

बँकेत ठेवलेले पैसे या कामाला पुरतील, उरल्यास वत्सलाचे. मला कार्त्यायनीच्या शेजारी, अंगणाच्या दक्षिणेला, आंब्याच्या लाकडांवर अग्नी द्यावा. सुगुणन आला तर त्याला येऊ द्यावं, पँटमध्ये आला तरी.

मला मूल नाही. कोडिवस्त्र कोण घालणार हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. रोज संध्याकाळी माग थांबवला की तोच विचार यायचा, आणि त्या विचारानं मी घाबरायचो, हे खरं लिहितो. कोरं कापड जन्मभर विणलं आणि आपल्या अंगावर घालायला एक हात नाही, अशी गत होईल असं वाटायचं. ते वत्सलानं घालावं. तिच्याच हातचं, तिच्याच मागावरचं. थोरल्यानं धाकट्यावर कोडिवस्त्र घालायचं नसतं, ही आमच्या आळीची रीत, म्हणून चेट्टनकडे मी ते मागत नाही.

त्यांच्याकडून दुसरं मागतो.

आंघोळ घालून झाली की मला तो बाजूला ठेवलेला मुंडू नेसवावा. उचलताना सोयीचं पडतं म्हणून लोक मेलेल्याचा मुंडू आखडून घेतात, तसं करू नये. तो पुरता खाली सोडावा, घोटे झाकतील इतका. मला ओसरीवर, आळीकडे पाय करून ठेवावं. मोठी माणसं म्हणतील पाय दक्षिणेला हवेत. नेताना करावेत दक्षिणेला. तोवर आळीकडे.

चेट्टनना बोलवायला कोणी जाऊ नये. वत्सलानं फक्त गाईला सांगावं, मोठ्यानं.

ते आले नाहीत तर माझी तक्रार नाही. फाटकात उभे राहिले तरी मला कळेल असं धरून चालावं. आले, आळी ओलांडून माझ्या पायरीवर चढले, तर त्यांना दिसायचं नाही. वत्सलानं त्यांचा हात धरून माझ्या घोट्याजवळच्या काठावर ठेवावा. काठ कुणाचा आहे हे सांगायला नको, ती वाकलेली जागा त्यांना बोटाला लागेल. मुंडू कुठवर सोडला आहे तेही कळेल. घाई करू नये, त्यांना सावकाश चाचपू द्यावं.

आणि मग त्यांनी माझे हात चाचपून पाहावेत. दोन्ही मोकळे असतील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, मेनन सारांनी दोन ठिकाणी भाषा सुधारली ती मी पुन्हा बिघडवून घेतली आहे. खाली सही करतो.

(सही) पंकजाक्षन

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील इसमाने सही केली :

१. (सही) अबूबक्कर, चहाचे दुकान, विणकर आळी. यांना या कागदातून काहीही मिळत नाही.

२. (सही) दामोदरन, पोस्टमन.

लेखक : शिवराम मेनन, दस्तलेखक.

ठिकाण : पंकजाक्षन यांची ओसरी, विणकर आळी, समोरच्या घराकडे तोंड करून.

मिती : कोल्लम वर्ष ११६४ (इ. स. १९८८), कन्नी महिना, ओणम होऊन गेल्यानंतर.